तीन पाणी

प्रयोगशाळेत तिला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. साहेब आले-गेले, सूक्ष्मदर्शक दोनदा बदलला, तिचं टोपणनाव तेवढं तसंच राहिलं: तीनपाणी. माशाचं आतडं कात्रीनं उभं चिरायचं, आतला ऐवज बोटानं दाबून बाहेर काढायचा, मग एक पाणी, दोन पाणी, तीन पाणी असं तीनदा विसळायचं, आणि त्यानंतरच पात्याच्या पाठीनं आतलं अस्तर खरवडून नळीत भरायचं. हे तिला एका जुन्या साहेबानं शिकवलं होतं. म्हणायचा, "बाई, आतड्यात दोन प्रकारचे लोक असतात. घरचे आणि वाटसरू. वाटसरूला धुऊन काढ. उरेल तो घरचा." साहेब निवृत्त होऊन कधीच गेला, बाई ते वाक्य धरून बसली. बाकीचे एका पाण्यात भागवायचे आणि वर तिचीच थट्टा करायचे. स्टोअरकीपर म्हणायचा, "हिच्या घरी आज घासायला टाकलेलं ताट पुढच्या आठवड्यात जेवायला मिळतं." ती ऐकून घ्यायची. शिक्षण दहावी नापास, आणि हाताखालून गेलेले मासे वीस हजारांच्या वर. दहावी पास झालेल्या किती जणांनी काहीही वीस हजार वेळा केलंय?

तर या बाईला एका मंगळवारी सकाळी भिंतीकडे बघताना संशय आला.

भिंतीवर झाड होतं. कागदाचं. प्रयोगशाळेतल्या तरुण शास्त्रज्ञानं छापून चिकटवलेलं. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, पण त्याच्याकडे गोळी मागायला जाण्यात अर्थ नव्हता. माशाच्या आतड्यात जे जीव राहतात, त्यांची वंशावळ जुळवणं हा त्याचा धंदा. कॉक्सिडिया म्हणतात त्या जीवांना. एकाच पेशीचा देह, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आतड्याच्या भिंतीतल्या पेशीत शिरतो, आतल्या आत खाऊन माजतो, पेशी फोडून बाहेर पडतो, आणि विष्ठेबरोबर त्याचे गोळे पाण्यात जातात. एका गोळ्यात चार डब्या, एका डबीत दोन वळवळे. कोंबड्यांना रक्ती हगवण लावणारा जीव याच भावकीतला, फक्त त्याच्या डबीला टोकाशी बूच असतं आणि माशांतल्या बहुतेकांच्या डबीला शेंगेसारखी उभी शिवण. डॉक्टर त्यांच्या जनुकांचा एक तुकडा वाचायचा आणि कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण नुसताच ओळखीचा, हे ठरवून झाडाला फांद्या काढायचा. बुंध्याजवळ माशांतले, शेंड्याकडे कोंबड्या, ससे, गुरं यांच्यातले.

बाईला ते झाड आवडायचं. जनुकं तिला कळत नव्हती, भावकी कळायची. कार्प माशांतले सगळे जीव एका फांदीवर, घरातल्या घरात सोयरीक केल्यासारखे एकमेकांना बिलगून. शिकारी माशांतले लांब दुसऱ्या फांदीवर, तुसडे.

आणि आज कार्पच्या फांदीवर, अगदी मधोमध, लाल अक्षरांत लिहिलं होतं: दातऱ्या.

दातऱ्या म्हणजे तलावातला शिकारी मासा. तोंडभर दात, दिसेल ते गिळणारा. कार्पशी त्याचं नातं एकच, खाण्याचं.

"सर, हा इथे काय करतोय?" तिनं विचारलं.

डॉक्टरचा चेहरा लग्न ठरल्यासारखा फुलला होता. "उडी, मावशी! कार्पमधल्या परजीवीनं शिकारी माशात उडी मारलीय. इतक्या लांबच्या माशात अशी उडी कुणी दाखवलेली नाही. अकरापैकी नऊ दातऱ्यांत सापडला."

"म्हणजे घरजावई झालाय म्हणा."

"अगदी तस्संच!"

तो हसला. ती हसली नाही. कारण त्या कागदाच्या झाडातूनच खऱ्या कुऱ्हाडीला दांडा मिळाला होता, हे तिला ठाऊक होतं. तलावाच्या काठी मत्स्यबीज केंद्र होतं, त्यात कार्पची पिलं वाढवायचे, आणि दोन वर्षं ती पिलं आतडी सुजून पटापट मरत होती. केंद्राचा मॅनेजर म्हणत होता, रोग आमचा नाही, तलावातून येतो. आता त्याच्या हातात पुरावा आला. रोगाचा साठा दातऱ्यात आहे, तेव्हा दातऱ्या संपवा, आणि होड्या-जाळ्यांबरोबर रोग इकडून तिकडे फिरू नये म्हणून तलाव पाच वर्षं मासेमारीला बंद करा. कागद टाइप होऊन तयार होता. खात्याची अधिकारीण शुक्रवारी येऊन सही करणार होती.

तलावावर त्रेचाळीस होड्या होत्या. त्यातली एक तीनपाणीच्या धाकट्या भावाची. पाच वर्षं होडी उलटी पडली की तिचं सरपण होतं, आणि होडीवाल्याचं काय होतं ते विचारायला कुणी येत नाही.

बाईनं पहिला संशय घेतला तो मॅनेजरवर. त्यासाठी फार डोकं लागत नव्हतं. गेला महिनाभर तो आठवड्यातून दोनदा यायचा, डॉक्टरच्या खांद्यावर हात टाकून बोलायचा, आणि तिच्या टेबलाजवळून जाताना नाकाला रुमाल लावायचा. मासे वाढवणाऱ्या माणसाला माशाचा वास सहन होत नाही, म्हणजे त्याच्या पोटात काहीतरी सडलेलं असणार, असं तिचं शास्त्र होतं. आणि एक गोष्ट तिला पक्की आठवत होती. ज्या दिवशी दातऱ्या कापले, त्याच दिवशी केंद्रातली मेलेली पिलंही तपासायला आली होती. एकाच फ्रीजरमध्ये, शेजारी शेजारी. नळ्यांची अदलाबदल करायला कितीसा वेळ लागतो?

जेवणाच्या सुट्टीत तिनं फ्रीजर उघडला. दातऱ्याच्या अकरा नळ्या, पिलांच्या बारा. चिठ्ठ्या तिच्याच हातच्या, झाकणांवरच्या चिकटपट्ट्या तिच्याच दातांनी तोडलेल्या. तिचा पुढचा डावा दात अर्धा तुटलेला आहे, पट्टीवर त्याची खाच उमटते. प्रत्येक पट्टीवर खाच होती. ती चडफडली. पुन्हा मोजू लागली.

"मावशी, काय शोधताय?"

डॉक्टर दारात उभा होता.

"बर्फ."

"कशाला?"

"डोकं तापलंय."

त्याची नजर नळ्यांवरून तिच्या हातांवर आली आणि तिथेच थांबली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "तो मासे आणून देतो, तो भाऊ ना तुमचा? सख्खा?"

"सख्खाच. चुलत असता तर तुम्ही झाडात दाखवला असता."

दुसऱ्या दिवशी फ्रीजरला कुलूप होतं.

म्हणजे आता दोन्हीकडून डोळे वटारलेले. ही त्याच्यावर लक्ष ठेवतेय, तो हिच्यावर. चहा पिताना दोघं एकमेकांच्या कपाकडे बघत होते. स्टोअरकीपरला या सगळ्यात भारी मजा येत होती. "काय तीनपाणी, सीआयडीत भरती झालीस काय?" तो म्हणाला. पण जाता जाता एक कामाची गोष्टही बोलून गेला: "नळ्यांना कुलूप लागलं, तुझ्या वड्यांना कुणी विचारत नाही बघ. उंदीर लागतील एखाद दिवशी."

वड्या!

जुन्या साहेबाची आणखी एक खोड तिनं जपली होती. प्रत्येक माशाचं आतडं चिरण्याआधी, धुण्याआधी, त्याचा बोटभर तुकडा जसाच्या तसा कापून औषधाच्या बाटलीत टाकायचा. पुढे तो मेणात बसवून त्याची वडी करायची. त्या वडीचे कागदाहून पातळ काप घेतले, रंगवले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले, की आतड्याची भिंत आणि पोकळीतला माल जिथल्या तिथे दिसतो. डॉक्टरला वड्यांचं सोयरसुतक नव्हतं. त्याच्या पिढीला सगळं यंत्रानं वाचून हवं असतं. डोळा लावून बघणं हे त्यांना अडाण्याचं काम वाटतं. बरं झालं. वड्यांच्या कपाटाला कुलूप लावायचं त्याला सुचलं नाही.

बुधवारची दुपार आणि गुरुवारची सकाळ तिनं काप घेण्यात घालवली. अकरा दातऱ्या, अकरा वड्या. विचारलं कुणी तर जुनं काम उरकतेय म्हणायचं. गुरुवारी अकराच्या सुमारास तिनं पहिला काप डोळ्याखाली घेतला.

भिंत स्वच्छ होती.

जो जीव त्या घरचा असतो, त्याची पोरंबाळं भिंतीत दिसतात. या पेशीत तान्हं, त्या पेशीत रांगतं, तिसरीत लग्नाला आलेलं. पिलांच्या आतड्यात तिनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं. पेशी कशा टरारून फुगलेल्या असतात. इथे काही नाही. एकाही वडीत नाही. गोळे होते, पण सगळे पोकळीत, वाटेवर, उतारूंसारखे. आणि त्यांच्या आजूबाजूला काय? टाचणीच्या डोक्याएवढे कोवळे खवले. आणि तपकिरी चुरा.

तो चुरा तिनं ओळखला. बीजकेंद्रात पिलांना घालतात ते खाद्य. तलावात ते उगवत नाही.

दातऱ्याला रोगबिग काही नव्हता. त्यानं कार्पची पिलं खाल्ली होती, आणि पिलांच्या पोटातले गोळे त्याच्या पोटातून चालले होते. जेवणाला पाहुणा ठरवलं आणि पाहुण्याला घरजावई!

पण केंद्राचं खाद्य खाल्लेली पिलं तलावाच्या मधोमध कशी पोचली? भावानं आणलेल्या डब्यावर चिठ्ठी होती: "तलावाच्या मध्यावर". तिचा संशय आता मॅनेजरला सोडून सरळ रक्ताच्या नात्यावर बसला. ती हात न धुताच निघाली.

भाऊ दारात बसून जाळ्याचं भोक सांधत होता. तिला भरदुपारी आलेली बघून त्यानं सुई खाली ठेवली.

"ताई? कुणी गेलं का?"

"अजून नाही. तू खरं नाही बोललास तर जाईल. ते अकरा दातऱ्या कुठे धरलेस?"

"चिठ्ठीवर लिहिलंय की."

"लग्नाच्या कागदावर तू तुझं वयसुद्धा चुकीचं लिहिलं होतंस. कुठे धरलेस?"

त्यानं जाळं बाजूला सारलं. मग म्हणाला, "नळाच्या तोंडाशी."

बीजकेंद्राचं सांडपाणी जिथे तलावात पडतं, त्याला सगळे नळाचं तोंड म्हणत. तिथून शंभर पावलांत जाळं टाकायला बंदी होती. टाकलं तर परवाना जातो.

"तिथे काय सोनं आहे?"

"दातऱ्या आहेत! त्या नळाला जाळी बसवलीय ना, तिला हात जाईल एवढं भोक आहे. पिलं धो धो बाहेर पडतात. दातऱ्या तोंड उघडं ठेवून रांगेत उभे, लंगरात बसल्यासारखे. तुझ्या डॉक्टरला दोन दिवसांत अकरा हवे होते. मध्यावर अकरा धरायला मला आठवडा लागला असता. मेलेला मासा कुठला, कोण विचारतो म्हटलं."

"मी विचारते! मुडद्या, तुझ्या त्या अकरा माशांवर तलाव बंद होतोय. चोर तुम्ही, आणि फाशी त्या माशाला!"

"चोर काय! पिलांचा रोग त्यांचा, भोक त्यांचं," भावाचाही आवाज चढला. "मी नुसता मासा धरला. आणि एक सांग मला, दातऱ्यानं पिलं खाल्ली तर ती पोटातली घाण झाली ना? तू तर मोठी तीनपाणी. लहानपणापासून ऐकतोय, एक पाणी, दोन पाणी. मग ती घाण तुझ्या नळीत राहिली कशी? धुतली नव्हतीस?"

"धुतली नव्हती म्हणजे? वीस वर्षांत..."

वाक्य तिथेच अडकलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. तिनं मॅनेजरला पाहिलं, डॉक्टरला पाहिलं, भावाला पाहिलं. स्वतःच्या हातांकडे पाहिलं नव्हतं.

दातऱ्या कापले त्या दिवशी पाण्याची टाकी धुवायला काढली होती. सकाळी नऊला नळ कोरडा झाला. तिच्याकडे एक बादली होती. अकरा दातऱ्या, बारा पिलं, आणि नळ्यांतला थोडा थोडा माल यंत्राकडे घेऊन जाणारा माणूस तीन वाजता दारात उभा राहणार. तिनं आधी पिलं उरकली. मग त्याच बादलीत दातऱ्याची आतडी बुचकळली, एकदा. पाणी शेवटी डाळीच्या वरणासारखं झालं होतं. मनात म्हणाली होती, एवढ्यानं काय होतंय. वीस वर्षांत एकदा.

आणि वहीत? वहीत प्रत्येक माशापुढे तीन रकाने, तीन खुणा. पाणी एक, बरोबर. पाणी दोन, बरोबर. पाणी तीन, बरोबर. कारण त्या खुणा ती नेहमी सकाळीच करून ठेवायची, पहिला मासा कापायच्याही आधी. एकदा हात बुळबुळीत झाले की पेन धरवत नाही आणि पान चिकटतं. धुवायचं तर आहेच, मग खूण आधी काय, नंतर काय. वही दिसायला इतकी स्वच्छ की पाहणीला आलेले लोक तिचे फोटो काढून न्यायचे.

"ताई, बस. पाणी देऊ?" भाऊ घाबरला.

"नको," ती म्हणाली. "पाण्याचं नाव काढू नकोस."

निघताना त्यानं तिचा हात धरला. "उद्या वड्या दाखव, खुशाल दाखव. पण नळाच्या तोंडाचं बोलू नको. परवाना गेला तर तलाव उघडा असून माझ्यासाठी बंदच."

ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

शुक्रवारी सभेच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या. अधिकारीण, तिचा कारकून, मॅनेजर, डॉक्टर, आणि पाचवी खुर्ची मॅनेजरच्या बॅगेला. बाई उभी. खिडकीबाहेर पंधरा-वीस होडीवाले उन्हात थांबले होते, त्यात भाऊही. आत येऊ का, असं विचारण्याची त्यांना सवय नव्हती आणि या असं म्हणण्याची आतल्यांना.

मॅनेजरनं कागद पुढे सरकवला. पेनाचं टोपणही त्यानंच काढून दिलं. माणूस सेवाभावी.

"मॅडम, सहीच्या आधी एकदा हे बघा," बाई म्हणाली, आणि काप चिकटवलेल्या काचांची पेटी टेबलावर ठेवली. जे दिसलं ते तिनं सांगितलं. भिंत स्वच्छ. गोळे नुसते पोकळीत. बरोबर खवले, बरोबर केंद्राचं खाद्य. "हा जीव दातऱ्यात राहत नाही. दातऱ्याच्या जेवणात होता."

मॅनेजर खोटं हसला. "बोटभर तुकड्यावरून? जीव शेजारच्या बोटात असेल!"

अधिकारीण डॉक्टरकडे वळली. डॉक्टरचा चेहरा पडला होता, पण त्यानं आवाज चढवला नाही. त्यानं बाईची वही उघडली आणि टेबलावर उलटी फिरवून अधिकारिणीपुढे धरली.

"मॅडम, जेवणातलं असतं तर धुऊन गेलं असतं. बघा. अकरा मासे, प्रत्येकाला तीन पाणी. तीन पाण्यांनंतर जे उरतं ते भिंतीतलं, हे मला या मावशींनीच शिकवलं. या इमारतीत मी एकाच गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, ती म्हणजे ही वही."

हे त्यानं मनापासून म्हटलं. शिवी दिली असती तर बाईला बरं वाटलं असतं.

गप्प बसायची सोय होती. वड्या दाखवल्या, काम झालं, पुढे मोठ्यांचं मोठे बघतील. तिची वही तिच्याच विरुद्ध साक्ष देत होती, आणि त्या साक्षीत तिची अब्रू शाबूत होती. वही खरी तर तलाव बंद. वही खोटी तर तीनपाणी खलास.

"वही खोटी आहे," ती म्हणाली.

कारकुनाचं पेन थांबलं.

"खुणा मी सकाळी करून ठेवते. हात घाण व्हायच्या आधी. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं. एक बादली होती. त्यात आधी केंद्रातली पिलं धुतली, मग दातऱ्या. एकदाच बुचकळले. सर, तुमच्या नळ्यांत जे आहे ते अर्धं दातऱ्याच्या पोटातलं आणि अर्धं माझ्या बादलीतलं."

डॉक्टरनं वही मिटली. त्याच्या भिंतीवरच्या झाडाची एक फांदी या बाईनं पायानं मोडली होती.

मग अधिकारीण बोलली. अशा बायका आवाज न चढवता कानाखाली मारतात. "तुमचे बंधू मासेमारी करतात. बरोबर? आणि हे मासे त्यांनीच आणले. आज सहीचा दिवस, आणि आजच तुम्हाला आठवलं की आपण धुतलं नव्हतं."

"चांगलं नाटक आहे," मॅनेजर म्हणाला. "वड्याही घरच्याच असतील."

खरं बोललेलं पचायला खोट्यापेक्षा जड जातं. आयुष्यभर खोटं टिपून घेतलेल्या खोलीत तर जास्तच. बाईकडे आता एकच गोष्ट उरली होती, नळाचं तोंड, आणि ती तिची नव्हती. तिनं खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. मान खाली घालून उभी राहिली.

"माझ्यावर विश्वास नका ठेवू," ती म्हणाली. "सर, काचा तुमच्यापुढे आहेत. डोळा लावा."

डॉक्टर उठला. पलीकडच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाला त्यानं डोळा लावला. पहिली काच. दुसरी. पाचव्या काचेला त्यानं चष्मा काढून पुसला. अकरावी झाल्यावर तो पहिल्या काचेकडे परत गेला, जसा माणूस कुलूप लावलेलं दार पुन्हा ढकलून बघतो.

"भिंतीत काही नाही," तो म्हणाला. "एकाही माशात नाही."

"पण तलावाच्या मधोमध केंद्राचं खाद्य जाईल कसं?" मॅनेजरनं बोट नाचवलं. "हे सांगा ना! काचा बनावट आहेत, दुसरं काय!"

"मधोमध नाही."

दारात भाऊ उभा होता. चपला बाहेर काढून आला होता, पाय चिखलाचे. खिडकी उघडी होती हे सगळेच विसरले होते.

"नळाच्या तोंडाशी धरले. शंभर पावलांच्या आत. चिठ्ठी मी खोटी लिहिली. ताईला ठाऊक नव्हतं, काल कळलं. नळाच्या जाळीला भोक आहे, तुम्ही आत्ता चला, पिलं मोजून देतो. परवाना हवा असेल तर हा घ्या." त्यानं खिशातून घडी झालेला कागद काढून टेबलावर ठेवला. तो ओला होता.

अधिकारिणीनं पेनाला टोपण लावलं.

न्याय कसा झाला तेही सांगतो, म्हणजे पोट भरेल. भावाचा परवाना चार महिन्यांसाठी जप्त. बाईवर ठपका, आणि ती मासा कापेल तेव्हा शेजारी साक्षीदार. बीजकेंद्राला, ज्याच्या नळातून रोगी पिलं दोन वर्षं तलावात पडत होती, "सोयीनुसार जाळी दुरुस्त करावी" अशी नम्र सूचना. सोयीनुसार! मात्र तलाव बंद झाला नाही. कागद सहीविना परत गेला, वर शेरा: पुन्हा तपासणी. बेचाळीस होड्या दुसऱ्या दिवशी पाण्यात होत्या. त्रेचाळिसावी चार महिन्यांनी जाणार होती.

पुन्हा तपासणीसाठी मासे दुसऱ्या होडीवाल्यानं आणले, थेट मध्यावरून, कारकुनाला होडीत बसवून. कारकून तीनदा ओकला. साक्षीदार म्हणून नेमला कोण? स्टोअरकीपर. तो स्टूल घेऊन तिच्या शेजारी बसला आणि पोरांचे पाढे घ्यावेत तसा मोजू लागला, "एक पाणी. दोन पाणी. ए बाई, हे दुसरंच ना? हां. तीन पाणी." बाई बरबटलेल्या हातानंच पेन उचलायची, खूण करायची, पुढचा मासा घ्यायची. पानं एकमेकांना चिकटली. वहीला असा वास सुटला की फोटो काढायला आता कुणी येणार नव्हतं.

डॉक्टर तीन आठवडे तिच्याशी कामापलीकडे बोलला नाही. मावशीही म्हणाला नाही. छापायला पाठवलेला निबंध त्यानं परत मागवला, त्या दिवशी तर जेवलाही नाही. मग एका सकाळी ती आली तेव्हा तो भिंतीपाशी खुर्चीवर चढला होता. कार्पच्या फांदीवरचा लाल शब्द त्यानं खोडला होता, आणि लांब दुसरीकडे, शिकाऱ्यांच्या फांदीवर, पेन्सिलीनं लिहीत होता: दातऱ्या.

"याचा स्वतःचा एक निघाला," खाली न बघता तो म्हणाला. "भिंतीत, पेशींत, सगळ्या वयाचा. कार्पशी काही संबंध नाही. तुसडा आहे."

"घरचा आहे," ती म्हणाली.

तो खाली उतरला. हातातली पेन्सिल फिरवत राहिला.

"मावशी, आधीच्या वह्या. चौदा आहेत माझ्या कपाटात, वर्षाला एक. हे झाड त्यांच्यावरच उभं आहे, बरंचसं. त्यातल्या खुणा..."

"सकाळच्याच."

"सगळ्या?"

"सगळ्या. धुतलंय मी, सर. प्रत्येक माशाला तीन पाणी, तो एक दिवस सोडून." ती थांबली. "पण हे मी म्हणतेय. मी तर तेव्हाही म्हणत होते."

तिनं कपाट उघडलं आणि चौदा वर्षांपूर्वीच्या वड्यांची पहिली पेटी उचलून काप घेण्याच्या यंत्रापाशी नेऊन ठेवली. पेटीवरची धूळ पदरानं पुसली.

"बसा," ती म्हणाली. "मी कापते, तुम्ही बघा. आणि मला सांगू नका काय दिसतंय. लिहून काढा."